खिडकीचं विरजण

"ह्या घरात एक वेळ माणूस सापडेल, पण वाटी सापडायची नाही."

मल्लिनाथ हे आईच्या अगदी कानामागं पुटपुटला. तिला ऐकू जाऊ नये इतकं हळू, आणि गेलंच तर बरं इतकं मोठ्यानं. महानंदाबाई बिराजदार तेव्हा गॅलरीत खिडकीची तोटी सोडून खाली धरलेल्या फडक्यात हिरवा गाळ गाळून घेत होत्या.

"कुठली वाटी?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"अप्पांची. नाव कोरलेली. दुसऱ्या वाटीत दही खाल्लं की दही खाल्ल्यासारखं वाटत नाही मला."

"शेजारी गेलीय. येईल."

"शेजारी गेली नाही ती, आई. ती शेजारी राहते. अधूनमधून आपल्याकडं येऊन जाते, माहेरी आल्यासारखी."

आत ताटावर बसलेल्या श्रुतिकानं, म्हणजे मल्लिनाथच्या बायकोनं, भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबून हसू दाबलं. भाकरी ज्वारीचीच होती, पण रंगानं पोपटी. पिठात मूठभर खिडकी मळलेली होती.

खिडकी मळतात कशी, ते आधी सांगायला हवं. सोलापुरात एका उन्हाळ्यात डांबर इतकं पातळ झालं, की होटगी रस्त्यावर लोकांच्या चपला रस्त्याच्याच झाल्या. त्यानंतर शहरानं ठरवलं, की पश्चिमेच्या प्रत्येक भिंतीला हिरवी खिडकी बसवायची. दोन काचा, मध्ये चार बोटं जागा, त्या जागेत पाणी आणि पाण्यात शेवाळ. ऊन घरात शिरण्याआधीच शेवाळ ते खाऊन टाकतं, त्यामुळं खोली गार राहते. घरातली कोंदट हवा एक छोटा पंप खालून बुडबुड्यांनी आत सोडतो. आपला उच्छ्वास हा त्याचा श्वास. पाणी दाट झालं की तोटी सोडून गाळ काढायचा. थोडा वाळवून पिठात घालायचा, उरलेला इमारतीच्या गॅसच्या टाकीत. खिडकीचं तोंड बाहेरच्या सामायिक गॅलरीत, म्हणजे दुरुस्तीवाल्याला कुणाच्या घरात शिरायला नको.

दर वर्षी कंपनीकडून शेवाळाची एक बंद पिशवी येई. प्रयोगशाळेत निवडलेली एकच जात, सगळ्यांत वेगानं वाढणारी, शुद्ध. पिशवीवर ठळक अक्षरांत सूचना: 'यात दुसरे काहीही मिसळू नये.'

रोज रात्री कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात घालून निजणाऱ्या बायकांना ही सूचना द्यायची, म्हणजे वासराला दूध पिऊ नको म्हणायचं.

त्यातून महानंदाबाईंच्या सिद्धकिरण सोसायटीत शेजारच्या दारी गाजुलमास्तर राहायचे. अंबादास गाजुल. जन्मभर सोलापुरी चादरींच्या जाकार्ड नक्ष्या काढल्या, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी हैदराबादला. माणूस इतका टापटिपीचा, की रुमालाचीसुद्धा घडी दोन्ही बाजूंनी सारखी लागायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना खिडकीच्या काचेला आतून बुळबुळीत थर दिसला. त्यांनी शांतपणे त्यात ब्लीचिंग पावडर ओतली. सकाळी खिडकी ताकासारखी पांढरी.

"वहिनी," ते महानंदाबाईंच्या दारात उभे राहून म्हणाले होते, "मी बहुतेक मारली तिला."

विरजण बिघडलेल्या शेजाऱ्याला आपण जे देतो, तेच महानंदाबाईंनी दिलं. आपल्या खिडकीतलं वाटीभर. हाताला जी लागली ती वाटी उचलली. ती नेमकी शरणप्पांची निघाली, कडेला ठिपक्यांच्या अक्षरांत नाव कोरलेली. पण नवऱ्याला जाऊन तोवर इतकी वर्षं झाली होती, की वाटी आता वाटीच झाली होती.

मास्तरांची खिडकी लागली. चार दिवसांनी वाटी परत आली, आणि तिच्यात हिरवं पाणी होतं.

"हे काय?"

"रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात ना? साखर बघितली, तिला मुंग्या लागलेल्या. मग म्हटलं..."

फेकणं महानंदाबाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ते पाणी आपल्या खिडकीत ओतलं. पुढं वाटी पुन्हा गेली, पुन्हा भरून आली. मास्तर सकाळी फिरायला जात, तेव्हा तळ्याच्या काठचं, विहिरीच्या पायरीवरचं, पाटातलं, कुणाच्या गळक्या कूलरखालचं असं काहीबाही बाटलीत घालून आणायचे आणि खिडकीत सोडायचे. चादरीत बत्तीस रंग खेळवलेल्या माणसाला एका रंगाची खिडकी बघवत नव्हती. मग तेही वाटीतून इकडं यायचं. सुरुवातीला वाटी न्यायला काही सबब लागायची. पुढं वाटीच सबब झाली. वाटीबरोबर चहा आला, चहाबरोबर आदल्या दिवशीचं राहिलेलं बोलणं आलं. 'वहिनी' हा शब्द कधी गळून पडला ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. नुसतं 'अहो' उरलं.

हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पाण्याच्या मोटारीपासून पार्किंगपर्यंत कशावरही एकमत न होणाऱ्या त्या सोसायटीत एवढं एकमत दुसऱ्या कशावरच नव्हतं.

*

त्या वर्षी मे महिना असा तापला, की शहरभरच्या खिडक्यांनी माना टाकल्या. हिरव्याच्या पिवळ्या, पिवळ्याच्या तपकिरी, आणि मग तळाला चहाच्या चोथ्यासारखा गाळ. घरोघरी जुने पंखे निघाले. फक्त सिद्धकिरणच्या खिडक्या टवटवीत, आणि त्यांतल्या दोन तर अशा दाट, की चमचा उभा राहावा.

कंपनीनं पुण्याहून डॉक्टर नाझनीन बागवान यांना पाठवलं. मुलगी मूळची सोलापूरचीच, त्यामुळं आल्या आल्या तिनं आधी शेंगाचटणी मागितली आणि मग नमुने. महानंदाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला, त्याची तार टीव्हीला जोडली आणि वाटीतला एक थेंब काचेवर ठेवला.

टीव्हीवर जत्रा भरली. सुटी गोल हिरवी दाणेदार मंडळी. चौघंचौघं खांद्याला खांदा लावून जाणारी. स्प्रिंगसारखी पिळदार, स्वतःभोवती गिरक्या घेत निघालेली. चांदणीच्या आकाराच्या चपट्या थाळ्या. एक मोठा पोकळ चेंडू मजेत गडगडत आला, आणि त्याच्या पोटात त्याचीच छोटी छोटी चेंडवं.

"अय्या, पोटुशी आहे की!" श्रुतिका म्हणाली.

मग एक होडी आली. सोनेरी, पारदर्शक, आणि तिच्या अंगावर इतकी बारीक, इतकी सारखी रेघांची नक्षी, की मास्तर खुर्चीवरून उठून टीव्हीपाशी गेले.

"ही मी काढलीय," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. तरुणपणी, दुहेरी चादरीच्या किनारीला."

"हा डायटम, मास्तर," नाझनीन हसली. "काचेच्या डबीत राहतो. झाकणासकट. स्वतःची काच स्वतः करतो. ही नक्षी कोट्यवधी वर्षं जुनी आहे."

"म्हणजे मी चोरली!"

"चोरली नाही ओ," महानंदाबाई म्हणाल्या. "तुमच्यापर्यंत यायला तिला वेळ लागला."

मास्तरांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. खोलीतल्या बाकी सगळ्यांनी टीव्हीकडं पाहिलं.

सोसायटीचे सेक्रेटरी हत्तुरेमामा दारातच उभे होते. "शेवाळ म्हणजे शेवाळ," ते म्हणाले. "पाय घसरतो. त्यात बघायचं काय एवढं?"

"मामा, शेवाळ हे आडनाव नाहीये, धंदा आहे," नाझनीन म्हणाली. "पाण्यात राहून ऊन खायचं, हा धंदा. तो करणारी माणसं मात्र सतरा घराण्यांतली. हा डायटम आणि हा हिरवा गोळा यांचं नातं आपलं आणि भूछत्राचं असेल, त्याहूनही लांबचं. आपण जो श्वास घेतो ना, त्यातला जवळजवळ निम्मा प्राणवायू असल्या पाण्यातल्या मंडळींनी केलेला असतो. तुम्ही घसरता त्यांच्यावर, ते वेगळं."

ती सांगत गेली. कंपनीची जात शुद्ध, पण एकटी. ऊन वाढलं की सगळी एकदम दमतात. एखादा रोग किंवा त्यांना चरणारा एखादा किडा आला, की एकाला जो खातो तो सगळ्यांना खातो. इथं मात्र जो तो वेगळा. उन्हात सात रंग असतात, हिरव्याला त्यांतले काही चालत नाहीत, सोनेरी ते उष्टं आवडीनं खातो. पारा चढला की पिळदार निळे-हिरवे पुढं होतात, उतरला की डायटम. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा फराळ.

"इथं अठरापगड जमलेत. एक तांबड्या घराण्यातलं तेवढं कुणी दिसत नाही. हे सगळं आलं कुठून?"

मास्तरांनी घसा खाकरला आणि बाटलीचं सांगितलं. महानंदाबाईंनी वाटीचं सांगितलं. एकानं सांगायला घेतलं की दुसऱ्यानं पुरं करायचं, असं चाललं होतं. मल्लिनाथ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

मग गॅलरीत खिडकीच्या वरच्या कडेला नाझनीनला एक राखाडी, झालरीसारखा कपटा चिकटलेला दिसला. ती चिमटा घेऊन वाकली, पण महानंदाबाईंनी लांबूनच ओळखला.

"दगडफूल आहे ते. काळ्या मसाल्याचं. मी इथंच बसून निवडते ना, चुरा उडाला असेल."

"पण हे जिवंत आहे! हिरवं पडलंय."

"वाळलेलं होतं की गं."

"वाळलेलं होतं, मेलेलं नव्हतं. ओल मिळाली की उठतं." नाझनीनचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "मावशी, दगडफूल हे एक झाड नाहीच. दोघं आहेत ती. एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, उन्हापासून आडोसा करते. शेवाळ आत बसून ऊन शिजवतं आणि दोघांचं भागवतं. उघड्या दगडावर एकटं शेवाळ करपून जाईल. एकटी बुरशी उपाशी मरेल. दोघं मिळून मात्र जिथं गवतसुद्धा उगवत नाही तिथं शंभर शंभर वर्षं राहतात."

"म्हणजे संसारच की," श्रुतिका बोलून गेली.

आत कुकरची शिट्टी झाली आणि चारजण एकदम गॅस बंद करायला धावले.

*

पुढच्या वेळी नाझनीन आली ती निकाल घेऊन. संध्याकाळी सगळे गच्चीवर जमले. पेशींच्या आतली लिपी वाचून कुठली खिडकी कुठल्या खिडकीतून लागली ते तिनं शोधलं होतं. दाखवायला पडदा नव्हता, म्हणून श्रुतिकानं रांगोळीचे डबे आणले. एकेका खिडकीला एकेक रंग. वरच्या मजल्याची केशरी, तीत खालच्या घराचं थोडं जांभळं. ज्या दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यांच्या खिडक्यांतही एकमेकींचे रंग निघाले. त्यावर बरंच हसणं झालं, आणि जावाही हसल्या.

"आणि ह्या दोन," नाझनीन म्हणाली, "बिराजदार आणि गाजुल. ह्यांना मी दोन रंग देऊ शकत नाही." तिनं हिरवी आणि निळी रांगोळी एका मुठीत घेऊन एकत्र कुस्करली. "ह्या दोन खिडक्या नाहीतच. मध्ये भिंत असलेली एकच खिडकी आहे."

दोन्ही जावा एकदम रांगोळीच्या डब्यांना झाकणं लावायला लागल्या.

"तांत्रिकदृष्ट्या," हत्तुरेमामा म्हणाले, "भिंत सोसायटीची आहे."

नाझनीनला यातलं काही कळलं नाही. ती शेवाळवाली होती, माणसांचं तिला उशिरा कळे. तिचं म्हणणं एवढंच, की हे देवाणघेवाणीमुळं होतं हे पुण्यात सिद्ध करायला हवं. झालं, तर पुढच्या उन्हाळ्यात बंद पिशव्या जाऊन शहरभर विरजण वाटलं जाईल, खिडक्या तगतील, लाखो घरं गार राहतील. त्यासाठी महिनाभर ह्या दोन खिडक्यांमधली वाटी बंद ठेवायची. खिडक्या खालावल्या तर सिद्ध. तगल्या, तर वाटीचा काही संबंध नाही.

"चालेल," मल्लिनाथ सगळ्यांच्या आधी म्हणाला. "बंदच करा."

महानंदाबाईंनी मुलाकडं पाहिलं. तो रांगोळीकडं बघत होता. नाही म्हणायचं तर का ते सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "लाखो घरांचा प्रश्न आहे म्हटल्यावर काय बोलायचं?"

मास्तर म्हणाले, "अर्थात. विज्ञानाचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी नाझनीननं महानंदाबाईंच्या खिडकीत एक थेंब सोडला. मल्लिनाथ तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात कामावर होता. "ही माझी खूण," ती म्हणाली. "तांबड्या घराण्यातलं शेवाळ. निळी बॅटरी मारली की सगळं शेवाळ लाल चमकतं, हे मात्र नारिंगी. चुकून वाटी हललीच तर मला कळेल."

"आम्ही काय लहान आहोत का?" महानंदाबाई म्हणाल्या, आणि वाटी घासूनपुसून मल्लिनाथच्या दह्याशेजारी ठेवली.

*

वाटी फळीवर बसली आणि घराला काहीतरी झालं.

पहिल्याच आठवड्यात खिडकी फिकी पडली. महानंदाबाईंनी शेंगाचटणीत मीठ दोनदा घातलं. काळा मसाला भाजताना दगडफूल विसरलं, आणि मसाला झाल्यावर अर्धा तास पातेल्याकडं बघत राहिल्या, काय राहिलं म्हणून. पलीकडं मास्तरांची खिडकी तपकिरी व्हायला लागली. मास्तर एक दिवस चुरगळलेल्या सदऱ्यात गॅलरीत दिसले. सगळी सोसायटी हादरली.

गॅलरीत समोरासमोर आले, तेव्हा मास्तरांनी हात जोडले. "नमस्कार, वहिनी."

तो शब्द परत आलेला महानंदाबाईंनी ऐकला. "नमस्कार," म्हणून त्या आत आल्या आणि उगाचच फ्रिज पुसून काढला.

लोक चौकशी करत, पण खिडकीची.

"खिडकी कशी आहे आता?" वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या.

"आहे आपली."

"फार एकटी पडू देऊ नका हो तिला. दुपारची जरा येत जा घेऊन."

"खिडकी कशी आणू घेऊन?"

"म्हणजे तुम्ही या. खिडकी राहू दे."

हत्तुरेमामांनी तर कडी केली. जिन्यात गाठून त्यांनी हळूच विचारलं, "जेवते का नीट?"

"कोण?"

"खिडकी," मामा म्हणाले आणि पायऱ्या मोजत असल्यासारखे खाली गेले.

मल्लिनाथ काही विचारत नव्हता. वाटी सापडल्यापासून त्याचं दही मात्र अर्धं राहायला लागलं. "आता का राहतंय?" महानंदाबाईंनी विचारलं. "तुझीच वाटी आहे की."

"भूक नाही," तो म्हणाला. थोड्या वेळानं, ताट उचलता उचलता, "तू हल्ली गाणं म्हणत नाहीस गाळ काढताना."

"मी म्हणायचे?"

"बेसूर. पण म्हणायचीस."

सकाळी लवकर महानंदाबाई स्वयंपाकघरात आल्या की फळीवरची वाटी ओली दिसायची. श्रुतिका रात्री उशिरा घासत असेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

आणि मग खिडकी सावरायला लागली. आधी पोपटी, मग हिरवी, मग पुन्हा ती जुनी दाट, चमचा उभा राहील अशी. भिंतीपलीकडं मास्तरांचीही. वाटी तर फळीवरच होती. सगळे येऊन अभिनंदन करून गेले. "बघा, तगली की नाही! आपल्या आपण!"

"हो ना," महानंदाबाई म्हणत राहिल्या. "आपल्या आपण."

त्या रात्री त्यांनी पोपटी भाकरी पुढ्यात घेतली आणि तिचे नुसतेच तुकडे करत बसल्या. वाटीवाचून जर दोन्ही खिडक्यांचं भागत होतं, तर वाटी न्यायची कशाला? चमचाभर हिरव्या पाण्याच्या आडोशाला दोन वर्षं काय काय ठेवलं होतं, ते त्यांना आज कळलं, आणि तो आडोसाच शास्त्रानं काढून घेतला होता. खिडकी जगली म्हणून कुणी रडत नाही. त्यांनी चटणी तिखट झाल्याचं सांगितलं.

*

महिना झाला, नाझनीन आली. आधी मास्तरांकडं. त्यांच्या बैठकीत बिराजदारांचं घर, हत्तुरेमामा आणि दारात जमतील तेवढे शेजारी असे सगळे दाटीवाटीनं उभे. नाझनीननं पडदे ओढले आणि निळी बॅटरी काचेवर धरली.

खिडकी आतून पेटली. कुंकू विरघळल्यासारखं लाल पाणी, बुडबुड्यांबरोबर हळूहळू वर चढणारं. लोकांच्या तोंडून "अहाहा" निघालं. आणि त्या लालात जागोजाग, झेंडूच्या पाकळ्या सांडाव्या तसे, नारिंगी ठिपके.

"हे इथं कसं?" नाझनीनचा आवाज बदलला. "वाटी हलली. एकदा नाही, रोज हलल्यासारखी."

सगळ्या माना मास्तरांकडं वळल्या.

"मी नाही," मास्तर म्हणाले. "मी ह्या महिन्यात त्यांच्या दाराकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. फार अवघड गेलं."

मग माना महानंदाबाईंकडं.

"सिद्धरामाची शपथ," त्या म्हणाल्या. "वाटी मी फळीवरून उचलली नाही." पण त्यांच्या छातीत काहीतरी भलतंच हलकं झालं होतं. खिडक्या आपल्या आपण तगल्या नव्हत्या. नव्हत्याच तगल्या!

"मग कोणी? खिडकीत हात बुडवला असेल तर नखांत राहतंच," असं म्हणत नाझनीननं बॅटरी खोलीभर फिरवली. श्रुतिकानं हसत दोन्ही तळवे पुढं केले. स्वच्छ. मामांनी केले. स्वच्छ. बॅटरी मल्लिनाथवर आली. त्याचे हात खिशात होते.

"काढा साहेब."

"माझी बस आहे."

"मल्ली," आई म्हणाली.

त्यानं हात काढले. दहाही नखांखाली बारीक नारिंगी चंद्रकोरी उजळल्या.

मग श्रुतिकाला हसू फुटलं, आणि तिला ते दाबायला आज भाकरीही नव्हती. "तरीच! म्हटलं हा माणूस एवढ्या पहाटे उठून दात घासायला गॅलरीत का जातोय!"

"खिडकी सुकत होती," मल्लिनाथ जमिनीला सांगत होता. "बघवेना. म्हटलं, एक वाटी आपल्याकडची घालावी इकडं, कुणाला कळतंय."

"पण मावशींची खिडकीही सुधारलीय," नाझनीन म्हणाली. "म्हणजे तुम्ही इकडचंही तिकडं नेलं. ते कशाला?"

मल्लिनाथनं प्रथमच वर पाहिलं. त्याला प्रश्नच समजला नव्हता. "मग काय रिकामी वाटी परत आणू?"

आता मास्तरही हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायला रुमाल शोधायला लागले, घडी न बघता. "चोरी करताना रीत सोडली नाही पोरानं."

"अप्पांचीच वाटी नेली होतीस?" महानंदाबाईंनी विचारलं.

"दुसरी कुठली नेणार? तिलाच रस्ता माहीत आहे."

नाझनीन मात्र कपाळाला हात लावून बसली होती. "सगळा प्रयोग वाया गेला हो. पुन्हा पहिल्यापासून. आणखी महिनाभर वाटी बंद, आणि ह्या वेळी मी गॅलरीला कुलूप लावणार."

"तांत्रिकदृष्ट्या," हत्तुरेमामा घाईघाईनं म्हणाले, "गॅलरी सामायिक आहे."

"खिडकीला झेपेल का पण?" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

"खिडकीचं वयही झालंय आता," दारातून कुणीतरी म्हणालं.

"खिडकीला दोन्हीकडून आधार बरा असतो," आणखी कुणीतरी म्हणालं.

"नाही," महानंदाबाई म्हणाल्या.

पडदे अजून ओढलेले होते. बॅटरी नाझनीनच्या मांडीवर तशीच पेटलेली होती, आणि खिडकी लाल, नारिंगी, सावकाश वर वर जात होती.

"प्रयोग कर गं तू, अवश्य कर. त्या दोन जावांच्या खिडक्या घे, मामांची घे. शहराला विरजण मिळू दे. पण आमच्या दोन खिडक्यांमधली वाटी आता बंद व्हायची नाही."

"का पण?" नाझनीननं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. "इतका चांगला नमुना दुसरा नाही. का नको?"

हत्तुरेमामा छताकडं बघायला लागले. काकूंनी पदर सारखा केला. मास्तरांच्या हातातला चष्मा पुसायचा थांबला. मल्लिनाथनं एकदा मास्तरांकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि आपले नारिंगी हात पाठीमागं न लपवता तसेच समोर धरून उभा राहिला.

महानंदाबाईंनी श्वास घेतला.

"खिडकीला काहीही झालं नव्हतं, पोरी," त्या म्हणाल्या. "मला ह्यांच्याशिवाय करमत नाही."